खांद्यावरची पट्टी

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींना हसणारी बाई. सासूबाई दृष्ट काढायच्या तेव्हा मी मिरच्या वाया गेल्या म्हणून हळहळायचे. तरी लिहितेय, कारण माझ्यावर आळ आलाय... आणि तो मला मुळीच मान्य नाही!

मुलाकडे, निनादकडे, ग्योतोकुला गेले होते. तोक्योला लागूनच आहे, आपली बरीच मंडळी राहतात तिथे. निनादला थंडी वाजून ताप यायचा, उजवा खांदा दुखायचा. करोनानंतर तिथे ताप असला की क्लिनिकात सरळ आत घेत नाहीत. आधी फोन करा, मग बाहेर वेगळे थांबा. म्हणून हा शहाणा काय करायचा? पुण्याहून आणलेली तापाची गोळी घेऊनच निघायचा! तिथे ताप नॉर्मल. डॉक्टरांनी "आणखी काही त्रास?" विचारलं की हसून "दाइजोबु" — म्हणजे सगळं ठीक. मग काय, खांद्याला चिकटवायच्या औषधी पट्ट्या मिळाल्या. लॅपटॉपमुळे आखडलाय म्हणे!

सुनेने, केतकीने, पट्टी खांद्यावर लावली. सकाळी बघतो तर उजव्या बरगडीखाली! एक सुरकुती नाही.

"आई, तुम्ही हलवलीत?"

"मी कशाला हलवू गं?"

दुसऱ्या दिवशी तेच. "आई, मस्करी पुरे हं," निनाद म्हणाला. अस्सा संताप आला! म्हटलं, "केतकी, आता भर दुपारी लाव, माझ्यासमोर." तिने नवी लावली. तो झोपला, मी समोर खुर्ची टाकून बसले. गडी कुशीवरसुद्धा वळला नाही. उठून शर्ट वर केला — पट्टी बरगडीखाली.

केतकी पांढरीफटक. मी तिथे बोट दाबलं मात्र, निनाद किंचाळलाच.

"आज गोळी घ्यायची नाही," मी म्हटलं. "ताप घेऊनच चल. थांबवू देत बाहेर!"

मोठ्या हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ताप पाहिला, दोन्ही हातांतून रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. यकृतात जंतूंमुळे गळू, पू साठलेला! खांद्याचं दुखणंही त्याचंच. आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं, म्हणाल्या. पू काढायची नळी कुठून घालायची, ती खूण त्यांनी पेनने केली. पट्टीचा लाल चौकोन कातडीवर उमटलेला होता... खूण बरोब्बर त्याच्या मधोमध.

"इथे पट्टी कोणी लावली?" बाईंनी विचारलं.

दोघांनी माझ्याकडे बोट दाखवलं!

पू निघाला, शिरेतून अँटिबायोटिक बरेच दिवस चाललं, निनाद ठणठणीत झाला. आणि आता सगळ्यांना सांगत सुटलाय — आईने युक्ती केली! अरे, मला कळलं असतं तर पट्ट्या हलवत बसले असते? पहिल्याच दिवशी कान धरून नेलं असतं! शिवाय माझ्या बोटांत संधिवात, त्या पट्टीची फिल्म मला सोलता येत नाही. आणि एकदा काढलेली पट्टी पुन्हा धड चिकटतही नाही, मी करून पाहिलंय.

मग कोणी हलवली? नाही माहीत. दुपारभर समोर बसूनही दिसलं नाही. पण ज्याने कोणी माझं पोर वाचवलं, त्याचे उपकार मी माझ्या नावावर लावून घेणार नाही.