बिबड्यांचं पातेलं

मुलांनो, देवपूरला आमच्या शेजारी एक बाई राहत. वय पंचेचाळिशीपुढे. बोलता बोलता ओला टॉवेल मानेला लावायच्या आणि हसून म्हणायच्या, "बठ्ठं आंग पेटस, अक्का." पाळी जाण्याआधीच्या वर्षांत असं सगळं अंग पेटतं, घाम येतो, पाळी मागेपुढे होते, हे मी त्यांना इंग्रजी पुस्तकातून वाचून सांगितलं. त्यांनी चहा सोडला, रोज जवसाची चटणी खाल्ली, पहाटे पांझरा नदीच्या काठी चालू लागल्या. घाम कमी झाला. पाळी मात्र महिन्यातून दोनदा यायची आणि दर वेळी त्यांना चार दिवस ओसरीवर बसवत.

एका उन्हाळ्यात त्यांच्या अंगणात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला आम्ही गल्लीतल्या बायका जमलो. ज्वारीचं पीठ चुलीवर रटरटत होतं. त्या बाई पाळीमुळे ओसरीवर बसलेल्या; तिथून उठल्या आणि पीठ घोटू लागल्या.

त्यांची जाऊ ओरडली, "लाज नाही का? सगळं पीठ बाटवलं!"

"महिनामा दोन खेपा बाहेर बठस मी. आते नही बठनार. हाई वयनं शे. इचारा अक्काले."

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

मी म्हणाले, "ज्याच्या त्याच्या घरची रीत असते."

त्या ओसरीवर परत गेल्या. पातेलं म्हशींपुढे रिकामं झालं. दुसरं पीठ शिजलं, तेव्हा बिबड्या घालायला मीही बसले.