समजूतदार पोराची आत्या

नांदेडपासून लातूरपर्यंत माझ्या आत्याइतकी भांडखोर बाई सापडणार नाही, आणि तिचं सगळ्यात मोठं भांडण होतं ते माझ्या समजूतदारपणाशी. माझी थोरली बहीण जन्मापासून चालू-बोलू शकत नाही. नांदेडच्या आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा ताईच्या गालावरून हात फिरवायचा आणि मला म्हणायचा, किती समजूतदार आहेस रे. लातूरहून आत्या आलेली असली की मात्र हा शब्द काढायची कुणाची छाती नव्हती. एका पाहुण्याला तर, एवढंसं पोर समजूतदार असणं ही आनंदाची गोष्ट नव्हे, असं सुनावून तिने अर्ध्या चहावरून उठवलं होतं.

सुट्टीत ती मला लातूरला न्यायची ती बिघडवायला. उशिरा उठायचं, भाजीला नाकं मुरडायची, अशी सक्त ताकीद. मी सवयीने ताट विसळायला उठलो की दंडाला धरून परत बसवायची. एकदा आमच्याच घरी, बाबांसमोर तिने विचारलं, "ताईचा राग येतो का रं?" मी नाही म्हणालो. "मला तर माझ्या भावाचा रोज येतो," ती म्हणाली, "अन् ह्यो तर धडधाकट हाय." बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. मग मी हळूच कबूल केलं, कधी कधी लई येतो. कुणीच रागावलं नाही. ताई तर खदखदून हसली, बहुधा बाबांचं तोंड बघून.

बारावीनंतर मला पुण्याला ॲडमिशन मिळाली आणि मी जाणार नाही म्हणून बसलो. आई-बाबांच्या मागे ताई एकट्या माझीच, हे कुणी न सांगता मी धरून चाललो होतो. कळताच आत्या पहिल्या एसटीने आली आणि चप्पल न काढताच बाबांना म्हणाली, "तुझ्या मनात काय हाय, ते पोराला सांग."

बाबांनी हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "ताईचं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून ठेवलंय. चुलत, आत्ते, सगळी भावंडं आहेत तिला. तू फक्त तिचा भाऊ राहा."

आत्याशी बोलून हे कधीच ठरलं होतं. मला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. मला इतकं हलकं वाटलं, की भर दुपारी ताईच्या शेजारीच पडलो आणि घोरायला लागलो.

आता नोकरीमुळे मी लातुरातच असतो. परवा आत्याकडे बसून साहेबाच्या कागाळ्या सांगत होतो, तर ऐकता ऐकता तिला खुर्चीतच झोप लागली. हल्ली थकते ती. मी तिच्या पायांवर चादर घातली, आणि राहिलेलं सगळं हळू आवाजात सांगून टाकलं.