आईला न्यायला बोट

धरणात आमचं रान गेलं, बैलजोडी विकली गेली, आणि आप्पा मासे धरायला लागले. मला आठवतो तो थर्माकोलचा तराफा. त्याच्यावर मांडी घालून आप्पा दोन फळकुटांनी पाणी मागं सारायचे आणि जाळं टाकायचे. मासळी घावली नाही की आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. भाकरीबरोबर नुसती चटणी, हे आम्हाला नवल नव्हतं.

आईचं माहेर समोरच्याच काठावर. मामाच्या घरावरचा पत्रा उन्हात चमकला की आमच्या दारातून दिसायचा. पण सडकेनं जायचं तर तालुक्याला, भूमला एसटी बदलून सगळा दिवस मोडायचा. तरी दर नागपंचमीला मामा मुराळी होऊन तिला न्यायला यायचा. त्याचे गुडघे धरले आणि ते थांबलं. न्यायला कुणी आल्याबिगर सणाला माहेरी जायचं नाही, ही आईची रीत. पंचमीला ती काठावर उभी राहून पलीकडं बघायची, आणि मी जवळ गेले की म्हणायची, "चल, सरपण आणायचंय."

मी भूमला कॉलेज केलं. आमच्या घरातली पहिली बीए मी, आणि हे सांगायला मी लाजत नाही. त्याच सुमारास गावातल्या मच्छीमारांनी मिळून मोटारबोट घेतली.

पहिल्या दिवशी मागच्या इंजिनाचं हँडल आप्पांनी धरलं. उजवीकडं वळायचं म्हणून त्यांनी कासरा ओढावा तसं हँडल उजवीकडं ओढलं. बोट वळली डावीकडं. त्यांनी आणखी ओढलं, तोंडानं "हैक, हैक" चालूच. बोट पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या बाभळीत जाऊन अडकली. आप्पा अंग ओरबाडून घेऊन आले ते हसतच. काठावर आई मात्र दोन पावलं मागं सरली.

"बैल हाय का त्यो? म्या न्हाय बसायची त्यात. कंदीच न्हाय."

बोट शिकवायला माणूस आला तेव्हा मी पुढं झाले. आधी पेट्रोल बघायचं, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करायचा. गिअर न्यूट्रलला. इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला अडकवायची, म्हणजे आपण पडलो तर इंजिन थांबतं. मग इंजिन सुरू करायची दोरी ओढायची. इंजिनातून पाण्याची धार पडायला लागली की समजायचं, ते थंड राहतंय. आणि बोटीचं तोंड जिकडं न्यायचं, त्याच्या उलट हँडल ढकलायचं. ते हाताला वळण पडेपर्यंत मी वाऱ्यात, लाटांत, बाभळींच्या कडेनं फिरले. आई रोज काठावर. मी परत येईपर्यंत घरी जायची नाही.

पंचमी तोंडावर आली. मी म्हणाले, "आई, यंदा मुराळी मी."

"पोटची लेक मुराळी? कुठं बघितलंस असलं?"

आप्पा आतून म्हणाले, "जा की. तिचं हँडल बैलाचं न्हाय."

आईनं चूल फुंकली. मग म्हणाली, "सावकाश नेशील?"

"नेते."

पंचमीच्या सकाळी वारा पडलेला बघून निघालो. नव्या लुगड्यावर मी तिला लाइफ जॅकेट चढवलं, पट्टे आवळले.

"पोतं बांधल्यावानी दिसतंय गं."

"दिसू दे. बुडत तर न्हाय."

तिला मधल्या फळीवर बसवलं. मांडीवर लाह्यांचं गाठोडं, डोळे मिटलेले. अर्ध्या पाण्यात तिनं ते उघडले. पलीकडं बोटीचा आवाज ऐकून मामा काठी टेकत काठावर आला होता. आई एकदम उठून उभी राहिली. "दादा!"

बोट कलली. मी वेग कमी केला, हँडल सरळ धरलं. "आई, बस! तुझा दादा कुठं पळत न्हाय." ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली. बोट डुलून स्थिर झाली तेव्हा आम्ही दोघी हसलो. मग तिनं फळीवरचा एक हात काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला, तो काठ येईपर्यंत तसाच होता.

काठाजवळ मी इंजिन बंद केलं, वल्ह्यानं बोट हळूच चिखलाला लावली. मामानं बोट बघितली, मला बघितलं. "आन् मुराळी कुठाय?"

"ही काय," आई म्हणाली, "माझी लेक."

त्या पंचमीला आई पाण्यावरून माहेरी गेली. बोट मी चालवली. आता दर पंचमीला मीच नेते.