नीलपट्टणच्या पहाऱ्यावर बाराशे माणसं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी जे सांगणार आहे त्यात शहाणपण माझ्या वाट्याला कुठेच येत नाही. चहा मात्र भरपूर टाकलाय. माझा हा घोळ एका कपात मावणारा नाही.

मी नगररचना कार्यालयात सत्तावीस वर्षं कारकून होते. निवृत्त झाले आणि कादंबरी लिहायला घेतली. त्याआधी माझी एक कथा दिवाळी अंकात छापून आली होती, त्यामुळे मी लेखिका होतेच. निदान माझ्या लेखी तरी. आता कादंबरी म्हणजे साधीसुधी नाही. नीलपट्टण नावाचं एक काल्पनिक शहर. समुद्रकाठी, निळ्या दगडाचा तट, सात दरवाजे, एक कडक राणी आणि माणसासारखे बोलणारे पक्षी.

राणीचं लग्न मी पंधरा दिवसांत लावून दिलं. पक्षी आठवड्याभरात बोलायला लागले. अडलं ते फौजेपाशी. नकाशा काढणं माझ्या हातचा मळ, पण एवढ्या शहराला शिपाई किती लागतात आणि कुणी कुठे उभं राहायचं, हे मला काय ठाऊक? मी आयुष्यात पहारा दिला तो गॅसवरच्या दुधावर. तेही निम्म्या वेळा उतू गेलंय.

तरी मी मागे हटले नाही. बाराशे माणसं ठरवली. तटावर चारशे, दरवाजांवर दोनशे दहा, राणीच्या महालात नव्वद, तीनशे घोडेस्वार, दीडशे तिरंदाज आणि उरलेले बंदरावर. छान तक्ता आखला. लाल शाई, हिरवी शाई. इतका देखणा तक्ता मी नोकरीतही कधी केला नव्हता. आता तो कुणाला तरी दाखवायला नको का?

आमच्या इमारतीत तळमजल्यावर इस्माईलभाई राहतात. त्यांच्या वडिलांचं पनवेलच्या बाजारात अत्तराचं दुकान होतं. ते स्वतः बावीस वर्षं आखातात एका मोठ्या गोदामावर सिक्युरिटी सुपरवायझर होते. परत आले, पण चाल तीच राहिली. हात मागे बांधून संध्याकाळी गेटपाशी नुसते दोन मिनिटं उभे राहिले की आमचा वॉचमन आपोआप खुर्चीतून उठतो. म्हटलं, हाच आपला सेनापती.

आता माझी पहिली चूक ऐका. ‘मी कादंबरी लिहितेय’ हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. लाज वाटते. म्हणून कुणी विचारलं की मी म्हणायचे, ‘सध्या एक शहर उभं करतेय.’ वाटायचं, काय सूचक बोलतो आपण, जाणकार माणसाला बरोबर कळेल.

इस्माईलभाईंना ते बरोबर कळलं. म्हणजे त्यांच्या पद्धतीने. आमच्याकडे शहर उभं राहण्याचं कुणाला काय नवल? उलव्याकडे तोंड केलं की क्रेनच क्रेन. कालपर्यंत जिथे पाणी होतं तिथे आज वीस मजले. त्यात मी नगररचनेतून निवृत्त झालेली बाई. त्यांनी विचारलं, हे शहर कुठेशी. मी म्हटलं, समुद्राच्या बाजूला. मालक कोण, विचारलं. म्हटलं, एक बाई आहेत, फार कडक आहेत, सगळे निर्णय त्या एकट्या घेतात. त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

मी तक्ता त्यांच्यापुढे पसरला, तेव्हा घोडेस्वारांपाशी ते जरा थांबले. मग म्हणाले, किनाऱ्यावर गस्तीला घोडा चांगला, तिकडे आखातातही पाहिलेत. तिरंदाजांवरून त्यांनी नुसतं बोट फिरवलं. नंतर कळलं, त्यांना वाटलं ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायची शोभेची माणसं असतील. उलव्यात एका इमारतीच्या गेटवर दोन सिमेंटचे हत्ती आहेत. मग तिरंदाजांनीच काय घोडं मारलंय?

शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “माणसं मी बघू?”

मला वाटलं, पात्रांबद्दल बोलतायत. माझा ऊर भरून आला. म्हटलं, “जरूर बघा. पण खरी माणसं हवीत हं. कागदावरची नकोत.”

आता तुम्हीच सांगा, यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?

त्यानंतरचे पंधरा दिवस मी कशी जगले ते आठवलं की आजही कान गरम होतात. इस्माईलभाई मला इतकी वर्षं ‘भाभी’ म्हणत आले होते, ते ‘मॅडम’ म्हणायला लागले. गेटपाशी अनोळखी माणसं उठून नमस्कार करायची. भाजीवाल्याने कोथिंबिरीची अख्खी जुडी वर टाकली. माझे यजमान सुधीर यांना प्रत्येक गोष्टीत शंका. ते म्हणाले, हे अचानक काय चाललंय? मी म्हटलं, साहित्य झिरपायला वेळ लागतो. कथा आता लोकांपर्यंत पोचली.

मग ओव्याहून मासळी घेऊन येणारी बेबीताई आली. टोपलीतून एक अख्खा जिताडा काढला आणि माझ्या ओट्यावर ठेवला. घ्यायलाच लावला. म्हणाली, तिचा भाऊ न्हावा शेव्याला बंदरावर ट्रेलर चालवतो, आता त्याची कंबर गेलीय, गाडीत चढताना डोळ्यांत पाणी येतं.

“त्याचा पन जरा इचार करा, ताई,” ती म्हणाली. “तुमच्या हातात हाय.”

लेखकाकडे लोक आपली दुःखं घेऊन येतात, असं मी ऐकलं होतं. माझ्याकडे जिताडा घेऊन आले होते. मी भारावून आत गेले, दिवाळी अंकाची एक प्रत आणली, पहिल्या पानावर झोकात सही केली आणि बेबीताईच्या हातात दिली. तिने तो अंक उलटसुलट केला. मग अदबीने विचारलं, “याच्यावर फोटू कुटं डकवायचा?”

मला वाटलं, तिला माझा फोटो हवाय. म्हटलं, फोटो पुढच्या वेळी देते.

एवढ्यावरही मला कळलं नाही. कौतुक एकदा डोक्यात शिरलं की बाकी काही आत शिरायला जागा राहत नाही.

मग इस्माईलभाईंनी वर येऊन सांगितलं की रविवारी सकाळी काही माणसं मला भेटायला येणार आहेत, सोसायटीचा हॉल घेतलाय, मी दोन शब्द बोलावेत. मी दोन दिवस भाषण लिहिलं. नारायणपेठी काढली, मोत्यांचे कानातले घातले. सुधीर म्हणाले, “वाचकांसाठी हॉल? आपल्या घरी अंकाच्या प्रतीच तीन आल्या होत्या.” मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. मोठ्या माणसांच्या घरी अशी एक व्यक्ती असतेच.

हॉलमध्ये गेले तर साठ-पासष्ट पुरुष. सगळे दाढी करून, बुटांना पॉलिश करून, हातात प्लास्टिकच्या फायली घेऊन. मी आत शिरताच खाडकन उभे राहिले. एक-दोघांनी तर सलाम ठोकला. इतका शिस्तीचा वाचकवर्ग पाहून मला भरून आलं. फायलींमध्ये बहुधा त्यांच्या कविता असाव्यात, असंही मनात आलं.

तक्ता टेबलावर पसरला आणि बोलायला उभी राहिले. नीलपट्टण मला कसं सुचलं, कशी माझी झोप उडाली, एकेक दगड कसा रचला, सगळं सांगितलं. शेवटी आवाज चढवून म्हटलं, “नीलपट्टण मी एकटी उभं करू शकत नाही. त्याला तुमच्यासारख्या माणसांची गरज आहे.”

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. पहिल्या रांगेत काशिनाथमामा म्हणून एक म्हातारे बसले होते, उलव्याला एका बांधकामावर वॉचमन. ते उठले. टोपी काढून म्हणाले, “म्याडम, तेवडं सांगा. डिवटी आठ तासांची, का बाराची?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग फायलींकडे. मग इस्माईलभाईंकडे. ते भिंतीपाशी हात मागे बांधून उभे होते, चेहऱ्यावर समाधान. बावीस वर्षं परमुलखात माणसं उभी करणाऱ्या माणसाने आपल्या गावातल्या माणसांसाठी पहिल्यांदा काही केलं होतं. आणि मला एका क्षणात सगळं कळलं. सलाम, कोथिंबीर, जिताडा, अर्जावर डकवायचा फोटो.

खरं सांगू? ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. त्या एका वाक्यावर मी अर्धी नोकरी काढलीय. ते म्हटलं असतं, तर सगळे नमस्कार करून घरी गेले असते आणि महिनोन्महिने फोनची वाट बघत बसले असते. पण मागच्या भिंतीपाशी बेबीताई उभी होती. शेजारी तिचा भाऊ, एक हात कंबरेवर दाबून. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी तो उभाच होता, कारण बसलं की उठताना त्रास होत असणार.

मी म्हटलं, “नीलपट्टण नाहीये. ते माझ्या वहीत आहे. मी गोष्ट लिहितेय. तुम्हाला इथवर आणलं ती चूक माझी आहे, इस्माईलभाईंची नाही.”

मागचे वीसेक जण फायली गोळा करून निघून गेले. इस्माईलभाई जागचे हलले नाहीत. फक्त हळू आवाजात म्हणाले, “मी यांना जबान दिली होती, भाभी.”

‘मॅडम’ गेलं होतं. ते जायला हवंच होतं, पण असं ऐकताना फार लागलं.

मी खाली मान घालून तक्ता गुंडाळायला लागले, तर काशिनाथमामा पुढे आले आणि त्यांनी तो टेबलावर हाताने दाबून धरला. म्हणाले, “आता आलोय तं बगू तरी, काय लिवलंय.”

बघितलं. मग उत्तर दरवाजावर बोट ठेवून विचारलं, हा माणूस जेवायला कधी जातो. मी म्हटलं, म्हणजे? म्हणाले, चोवीस तास हाच उभा दिसतोय, याचा बदली कुठाय.

मी बाराशेच्या बाराशे माणसं रात्रंदिवस उभी करून ठेवली होती, हो. ना जेवण, ना झोप, ना लघवी. तीन पाळ्या लावल्या तर माझी फौज एका वेळी चारशेवर येत होती. त्यातून रजेवरचे, आजारी, घरी लग्न असलेले वजा करा. तिरंदाज दिवसभर उन्हात, सावलीला पत्रासुद्धा नाही. महालाचे नव्वदच्या नव्वद रक्षक एकाच खोलीत झोपणार, म्हणजे बाहेरून एक कडी लावली की राणी गेली.

एव्हाना राहिलेले सगळे टेबलाभोवती जमले होते. बेबीताईचा भाऊ म्हणाला, बैलगाड्या सातही दरवाजांनी आत सोडायच्या नाहीत, एकच दरवाजा मालासाठी ठेवायचा, नाहीतर गाड्या तुंबून रस्त्याचा न्हावा शेवा होईल. कुणी तटाखाली कुत्री ठेवायला सांगितली. ज्यांची मी घोर फसवणूक केली होती, ती माणसं माझ्या राणीसाठी हमरीतुमरीवर आली होती.

इस्माईलभाई बराच वेळ लांबून ऐकत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. पुढे येऊन त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं.

“सगळे पहारेकरी बाहेर तोंड करून उभे आहेत,” ते म्हणाले. “आतून बाहेर काय जातं ते कोण बघतंय? चोर येताना हात हलवत येतो, भाभी. त्याला जाताना धरायचा असतो.”

सत्तावीस वर्षं मी मोठमोठ्या नकाशांवर गेटं काढली. चौकोन काढायचा, आत ‘पहारा’ असं लिहायचं, झालं. त्या चौकोनात माणूस असतो, त्याला भूक लागते, त्याची कंबर दुखते आणि त्याला त्या कामातलं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, हे मला त्या रविवारी कळलं. इतकी लाज आणि इतका अभिमान एकाच वेळी मला कधी वाटला नव्हता. अशी फौज कुठल्या राणीला मिळाली असेल?

दुसऱ्या दिवशी मी इस्माईलभाईंच्या दारात गेले. म्हटलं, निदान अर्ज तरी मी लिहिते. निघून गेलेल्यांचेही धरून साठच्या साठ अर्ज लिहिले, एकेकाला समोर बसवून, त्याने काय काय सांभाळलंय ते विचारून. माझ्या हातचा अर्ज त्रुटी काढून परत पाठवायची कुणाची बिशाद नाही. ते घेऊन इस्माईलभाई महिनाभर उलव्याच्या कामांवर फिरले. अकरा जण कामाला लागले. बेबीताईचा भाऊ आता एका कंटेनर यार्डाच्या गेटवर असतो, आणि तिथे त्याला खुर्ची आहे, उंच, पाठ टेकता येईल अशी. साठांतले अकरा म्हणजे फार नव्हेत, मला ठाऊक आहे. पण ते अकरा मी चारचौघांत छाती पुढे काढून सांगते.

कादंबरीचं मात्र वाटोळं झालं. पुढच्या प्रकरणात शत्रूने नीलपट्टण जिंकायचं ठरलं होतं. आता कसं जिंकणार? चार महिने त्याची फौज तटाबाहेर तळ ठोकून बसलीय. मी दरवाजे तपासले, बंदर तपासलं, गटारंसुद्धा तपासली. कुठेही फट नाही. शेवटी इस्माईलभाईंना गाठलं आणि म्हटलं, तुम्हीच हे असं करून ठेवलंय, आता एखादी कच्ची जागा तुम्हीच दाखवा.

त्यांनी तक्ता पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणाले, “एक आहे, भाभी. पण सांगितलं तर राग येईल.”

म्हटलं, सांगा.

“ज्या बाईने हा पहारा आखलाय, ती. तिला कुणी ‘छान लिहिता’ एवढं म्हटलं, की ती अख्खा तक्ता काढून दाखवते.”

मला राग आला. अर्धा तास टिकला. मग वही उघडली आणि लिहायला बसले. शत्रूने सैन्य नाही पाठवलं. एकच माणूस पाठवला. तो दरवाजावर म्हणाला, मी बाईंचा वाचक आहे. नीलपट्टण त्याच दुपारी पडलं.