मंगळवारचं गार पिंप

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं घरचे म्हणतात. असेल. पण तो बाहेर येतो आणि संपतो. अण्णाचं तसं नाही. तो रागावत नाही, वाद घालत नाही, 'सरी, सरी', म्हणजे कानडीत 'बरं, बरं', म्हणून मान डोलावतो आणि पुढे जाऊन स्वतःला हवं तेच करतो. सख्ख्या भावाचा हा स्वभाव कळायला मला साठीला टेकावं लागलं.

येलहंक्याच्या पलीकडे आमची थोडी जमीन आहे. तिच्यात गुलाब, कडेला कोथिंबीर नि शेपू, आणि मधोमध विहीर. आजूबाजूला घरांच्या प्लॉटांचे लेआउट पडत चालले, तरी अण्णानं जमीन विकली नाही, हे त्याचं मोठेपण मी आजही मानते. आम्ही इथले जुने मराठी, घरात मराठी आणि बांधावर कानडी. माझं निम्मं आयुष्य बोम्मसंद्र्याच्या एका औषध कारखान्यात गेलं, तिथल्या प्रयोगशाळेत पाणी तपासण्यात. यजमान वारले, नोकरीही संपली आणि मी भावाकडे राहायला आले. वहिनीनं प्रेमानं खोली रिकामी करून दिली. पण जित्याची खोड जाते कुठे? आल्या आल्या मी विहिरीचं पाणी बाटलीत भरलं आणि जुन्या ओळखीच्या प्रयोगशाळेत तपासायला दिलं.

पाण्यात नायट्रेट निघालं, मर्यादेच्या चांगलंच वर.

त्यात नवल काही नव्हतं. अण्णा गुलाबाच्या बुंध्याशी युरिया मुठीमुठीनं टाकायचा आणि वर सढळ हातानं पाणी सोडायचा. झाड बिचारं खाऊन खाऊन किती खाणार? उरलेलं सगळं पाण्याबरोबर खाली जातं, आणि खाली आमची विहीर. वहिनी म्हणाली, "मग उकळून पिऊ या की." मी तिला सांगितलं, बाई गं, उकळून हे जात नाही, पाणी आटतं आणि ते उलट दाट होतं. मोठ्या माणसाला चटकन काही होत नाही. तान्ह्या बाळाला मात्र असं पाणी पोटात गेलं की त्याचं रक्त प्राणवायू नीट वाहीनासं होतं, बाळ निळं पडतं. भाचीचं, म्हणजे अण्णाच्या मुलीचं, तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. मी अण्णाला सरळ विचारलं, "उद्या तुझं नातवंड या घरात येईल. त्याच्या दुधात हे पाणी घालणार आहेस?"

त्यावर त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, "सरी. तू सांगशील तसं."

मला इतका आनंद झाला होता, की आता आठवलं तरी स्वतःची कीव येते. आम्ही माती तपासून घेतली. मातीत काय आहे ते कळल्यावर युरिया निम्म्यावर आणला. तोही एकदम टाकायचा नाही. ठिबकच्या निळ्या पिंपात विरघळवून आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, थोडा थोडा सोडायचा. बाकीची भूक शेणखतावर. विहिरीच्या भोवती खत अजिबात नाही, नुसतं गवत वाढवायचं, म्हणजे वाहून येणारं तेच अडवेल. मोजमाप माझ्याकडे, मोटार आणि ठिबक अण्णाकडे. जमिनीखालचं पाणी काही आठवड्याभरात धुऊन निघत नाही, दोनतीन पावसाळे तरी द्यायला हवेत, म्हणून मधे तपासायचं नाही असंही मीच ठरवलं, आणि हे सगळं बांधावरच्या लोकांना सांगूनही टाकलं.

आणि गुलाब काय आले म्हणून सांगू! पानं गर्द हिरवी, कळ्या टपोऱ्या. शेजारचे शेतकरी बांधावरून बघायचे. एकजण रोज यायचा, "अक्का, खरंच निम्मं घालता?" मी त्याला बसवून सगळं समजावलं. हळूहळू आणखी चार लोक यायला लागले. मी बोलायची, अण्णा शेजारी उभा राहून कौतुकानं ऐकायचा आणि मधेच म्हणायचा, "आमची सायन्सवाली आहे." एवढी फुशारकी मी नोकरीत असतानाही कधी मारली नसेल. त्या रोज येणाऱ्या शेजाऱ्यानं स्वतःच्या बागेत तसं करून बघितलं. त्याचे गुलाबही चांगले आले, पानं थोडी फिकी, पण बाजारात फुलांना कुणी नावं ठेवली नाहीत.

भाची बाळंतपणाला आली आणि मुलगी झाली. भाचीला दूध पुरेना, डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं. ती दवाखान्यात होती तेव्हाच मी विहिरीचं पाणी पुन्हा तपासायला दिलं होतं. खरं सांगते, धाकधूक अशी नव्हतीच. पोरीच्या दुधात आपल्याच विहिरीचं पाणी पडणार, याची मी दोन वर्षं वाट पाहिली होती. मला स्वतःला मूलबाळ नाही. हे एक काम माझ्या हातून या घरासाठी होणार होतं.

तपासणीचा निकाल आला. नायट्रेट कमी झालं नव्हतंच, उलट थोडं वाढलेलं.

माझा विश्वासच बसेना. प्रयोगशाळेतल्या मुलीला मी फोनवर नाही नाही ते बोलले. ती नम्रपणे म्हणाली, "मॅडम, दोनदा करून बघितलं." मग मी शेजाऱ्यावर घसरले. त्याची जमीन आमच्यापेक्षा उंचावर. तो नक्की चोरून खत टाकतोय आणि ते आमच्याकडे वाहून येतंय, असं मी अण्णापाशी तणतणले. अण्णा म्हणाला, "असू दे गं. कुणाकुणावर संशय घेशील?" किती समजूतदार भाऊ, असं वाटलं मला तेव्हा.

दुसरा दिवस मंगळवार. सकाळी मी ठिबकचे नळ तपासायला गेले. कुठे गळतंय का, जास्त पाणी जातंय का, डोक्यात तेच चालू होतं. निळ्या पिंपात पाणी भरलेलं दिसलं. मोटार नुकतीच बंद झाली असावी. सहज आधारासाठी पिंपावर हात ठेवला, तर पिंप थंडगार. बाहेरून दव सुटल्यासारखं ओलं. मी हात आत घातला. बर्फ टाकल्यासारखं पाणी.

विहिरीचं पाणी इतकं गार नसतं. युरिया पाण्यात विरघळला की पाणी असं गारठतं, आणि भरपूर विरघळला की जास्तच. दर शुक्रवारी मी मोजून दिलेलं खत विरघळताना बोटांना जो गारवा लागायचा तो याच्यापुढे काहीच नव्हता. आणि त्या दिवशी खताचा वार नव्हता.

मी तिथेच बांधावर बसले. अण्णा गोठ्यातून येताना दिसला, धोतराला हात पुसत. मी ओला हात पुढे केला. तो थांबला.

"कधीपासून?"

"बैस नीट," तो म्हणाला.

"मी बसलेलीच आहे. कधीपासून?"

"पहिल्यापासूनच." त्यानं अगदी शांतपणे सांगितलं. "पहिल्याच महिन्यात पानं फिकी पडायला लागली होती. तू चार लोकांना सांगून बसली होतीस. तुझं हसं झालं असतं. तुझा मान राहावा म्हणून घातलं मी."

"शेजाऱ्याची नाही का फिकी पडली? तो जगला ना?"

"त्याचं तो बघेल. मला आपलं घर बघायचं होतं."

मी खूप बोलले मग. केसानं गळा कापलास म्हणाले, पोटात एक ओठात एक म्हणाले, आईबापांपर्यंत गेले. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "बरं, आता बंद करू. सरी?" तो शब्द ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मग मला बाळ आठवलं. कालपासून रागाच्या भरात ते सुचलंच नव्हतं. बाळाला घरी येऊन आठवडा झाला होता. मी धावत घरात गेले, भाचीच्या खोलीचं दार ढकललं. ती पोरीला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजत होती. मला धाप लागली होती. "विहिरीचं पाणी घालू नकोस तिच्या दुधात," मी म्हणाले, "निकाल वाईट आलाय, ऐकतेस ना, अजिबात घालू नकोस."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "आत्या, मी घालतच नाही," ती हळूच म्हणाली. पलंगाच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला, साडी पांघरलेलं काहीतरी होतं. मी साडी बाजूला केली. विकतच्या पाण्याचे दोन मोठे कॅन, एक अर्धा झालेला.

"बाबांनी मी दवाखान्यात असतानाच आणून ठेवले. म्हणाले, बाळाला विहिरीचं एक थेंबही नको." मग म्हणाली, "आत्याला सांगू नकोस म्हणाले, तिला वाईट वाटेल. आईलाही माहीत आहे."

बाळ चुटूचुटू पीत होतं. ते सुखरूप होतं, याचा आनंद मला व्हायला हवा होता. झालाही असेल. पण मला दुसरंच दिसत होतं. पाणी आता सुधारलंय अशी शेजाऱ्यांची खात्री पटावी म्हणून मी कित्येकदा त्यांच्यादेखत विहिरीतून तांब्या भरून काढायची आणि गटागटा प्यायची. अण्णा तेव्हा माझ्या शेजारीच उभा असायचा. एकदा तर तांब्या त्यानंच ओढून मला भरून दिला होता.