डुप्लिकेट रासबेरी

"डुप्लिकेट! शंभर टक्के डुप्लिकेट माल!" आमचे साडू दिवाणावर उभे राहून ओरडत होते. एका हातात परदेशी बिअरची बाटली, दुसऱ्या हातात चहाचा कप, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या देवघरातली घंटा आपोआप वाजली म्हणतात. "यात रासबेरी आहे असं कोण म्हणतो? त्याला माझ्यासमोर उभा करा!"

ज्याला उभं करायचं तो बिचारा समोरच उभा होता. नितीन, चिखलोलीचा, मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन. साडूंच्या एकुलत्या एक मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, मागणी घालायला तो अंबरनाथला त्यांच्या घरी आला होता आणि होणाऱ्या सासऱ्यासाठी ती बाटली कुठल्याशा बंदरावरून, बनियनमध्ये गुंडाळून, सात समुद्र सांभाळत घेऊन आला होता. भाची स्वयंपाकघराच्या दारात ओढणीचं टोक चावत होती. तिचं लग्न त्या कपातल्या फेसावर तरंगत होतं.

आता हे समजायचं तर आधी साडूंची जीभ समजली पाहिजे. अशी जीभ या भूतलावर दुसरी झाली नाही. ब्रह्मदेव जेवढ्या वेळात आख्खा माणूस उरकतो, तेवढा वेळ तो साडूंच्या नुसत्या जिभेवर हात फिरवत बसला असणार. मग संध्याकाळ झाली म्हणून घाईघाईत बाकीचे साडू तिला जोडून दिले. म्हणूनच उंची बेताची आणि कान दोन मापांचे. उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या इसेन्सच्या दुकानात त्यांनी उभी हयात काढली. गोळेवाले, सरबतवाले, लिमलेटच्या गोळ्या करणारे, सगळी गिऱ्हाइकं साडूंच्या जिभेवर विश्वास ठेवून माल उचलायची. खस, अननस, गुलाब होतेच, पण सगळ्यांची महाराणी म्हणजे रासबेरी. तिचं मिश्रण साडूंचं स्वतःचं. शेठ म्हणायचा, "साईं, तेरी जीभ का बीमा निकालना पडेगा." साडू बसमध्ये चढले की त्यांच्या शर्टाच्या वासाने कडेवरची पोरं गोळ्यासाठी भोकाड पसरायची. सकाळी नळाला पाणी आलं की एक घोट घेऊन ते जाहीर करायचे, "आज बारवी धरणात म्हशी उतरल्यात. त्यातली एक गाभण आहे." मी खात्री करायला कधी गेलो नाही, पण हे खोटं आहे असंही आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही.

त्यांची चाखायची रीत ठरलेली. आगपेटीची काडी इसेन्समध्ये बुडवायची, साखरेच्या पाण्यात फिरवायची, घोट जिभेवर ठेवून डोळे मिटायचे, निकाल द्यायचा, आणि लगेच कोमट मिठाच्या पाण्याने खळखळून चूळ भरायची. "जिभेवर शिळी चव ठेवायची नाही, भाऊ. पाटी पुसल्याशिवाय पुढचं गणित मांडतं का कोणी?" ही चूळ घरीदारी सुटली नाही. सत्यनारायणाच्या प्रसादानंतर चूळ, लग्नाच्या पंगतीनंतर चूळ. एकदा आमच्या सासूबाईंच्या पुरणपोळीवर त्यांच्यादेखत चूळ भरली, तेव्हापासून त्या माउलीने या जावयाला सणासुदीलाही नुसता वरणभात वाढला. आणि झोपण्यापूर्वीची चूळ तर अशी की शेजारचे तिच्यावर घड्याळं लावायचे.

या जिभेपायी भाचीची स्थळं मोडत होती. कल्याणचा मुलगा सरबतातल्या सॅकरिनमुळे गेला. "ज्या घरात गोडवा खोटा, तिथे पोरगी द्यायची?" बदलापूरचा इंजिनियर चहातल्या शिळ्या वेलचीने बाद झाला. शेवटी भाचीने स्वतःच नितीनला पसंत केलं आणि बदलापूरला माझ्याकडे येऊन रडली, "काका, बाबांना कसंही करून पटवा." मी डोकं लढवलं. नितीनला फोनवर सांगितलं, "तिकडून रासबेरीचं काहीतरी आण. म्हातारा विरघळतो की नाही बघ." पोराने आणली ती ही बाटली.

त्या रविवारी दुपारी लोडशेडिंग होतं, म्हणजे फ्रिज हे नुसतं कपाट. "काका, ब्राउन एल म्हणतात हिला. बिअरच, पण रासबेरी घातलेली," नितीन म्हणाला. ताई, म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीबाई, किंचाळल्याच. "अहो, दारू आहे ती!"

"पिणं वेगळं, चाखणं वेगळं," साडू म्हणाले. "हे ड्युटीत येतं." त्यांनी सांडशीने झाकण उडवलं, कपात ओतलं. ताईंनी वास घेऊन "हा तर काढा!" असा शेरा मारला. साडूंनी घोट घेतला, डोळे मिटले, उघडले आणि थेट दिवाणावर चढले. पुढचं तुम्ही ऐकलंच.

ओरडून झाल्यावर ते खाली उतरले, खिशातून आपल्या इसेन्सची चिमुकली बाटली काढली आणि पेल्यात साखरेचं पाणी कालवून लाल थेंब सोडला. त्या वासाने घरभर जत्रा भरली. "हिला म्हणतात रासबेरी! आणि तुझी ती? रंग बघ, गंजलेल्या पाइपातलं पाणी. चल, दोन्ही चाख आणि बोल, खरी कुठली?"

मी नितीनला डोळ्यांनी खुणावलं, भुवयांनी खुणावलं, शेवटी पायाने त्याचा अंगठाही दाबला. लाल म्हण बाबा, लाल! भाचीने डोळे घट्ट मिटले. त्याने दोन्ही चाखल्या. मग हळूच म्हणाला, "काका, बाटलीतली खरी आहे. तिकडच्या बाजारात मी ते फळ खाल्लंय. असंच लागतं. आंबटसर, मागे थोडं तुरट."

"आणि ही?"

"ही आमच्या शाळेबाहेरच्या गोळ्याची. दिवसभर जीभ लाल राहायची." तो पेल्याकडे बघत होता. "मी ते फळ घेतलं ना, तेव्हा मला वाटलं हीच चव लागेल. नाही लागली."

साडू दिवाणावर बसले. "मी कधी खाल्लंच नाही रे ते फळ," ते म्हणाले. "शेठनेही नाही." मग कप उचलून दुसरा घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला. बिअरवर निकाल काही आला नाही. आला तो वेगळाच. "अगं," ते ताईंना म्हणाले, "साखर आण. पोरगा तोंडावर खोटं बोलत नाही. ओरिजिनल आहे." भाची साखरेचा डबा आणायला धावली आणि डब्याऐवजी मिठाची बरणी घेऊन आली, तरी कुणी हसलं नाही.

मी निघालो तेव्हा साडू गॅलरीत कप घेऊन एकटेच बसले होते. दिवाणावरून उतरलेला माणूस परत चढेल की नाही, याची मला घरी पोचेपर्यंत रुखरुख लागून राहिली. लग्न जमलं खरं, पण आख्ख्या जन्माची रासबेरी त्या एका घोटात वाहून तर गेली नसेल? सकाळी उठल्या उठल्या ताईंना फोन लावला. "साडू कसे आहेत? रात्री काही बोलले का?"

"नाही हो, काही नाही," ताई म्हणाल्या. "चूळ न भरताच झोपले."