खिडकीच्या फळीचा हिरवा रंग

माझ्या पोरीच्या रक्तात शिसं निघालं आणि घरात सगळ्यांनी आधी मलाच विचारलं, काय खाऊ घातलंस म्हणून. डोकंच फिरलं माझं. बीडच्या डॉक्टरांनी मात्र वेगळंच विचारलं होतं: घर किती जुनं, दारं-खिडक्यांना रंग कसला, पोरगी काय चावत असते. केजला येईस्तोवर एस्टीत माझ्या डोक्यात तेच. आमच्या दारं-खिडक्यांना सासऱ्यांनी, मी त्यांना मामा म्हणायची, स्वतःच्या हातानं हिरवा ऑइलपेंट दिलेला. ते गेल्यावर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याला कुणाला हात लावू दिला नाही.

मी रंग तपासायच्या काड्या ऑनलाइन मागवल्या. रंगावर काडी घासायची, शिसं असलं तर ती लाल होते. मोठ्या ऐटीत पुढच्या दाराच्या चौकटीवर घासली, तर झाली की लाल. मी सगळ्यांना हाका मारल्या. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, ते कुंकू हाय. खरंच की! रोज सकाळी त्या चौकटीला हळदीकुंकू लावतात आणि मी शहाणी नेमकी तिथंच घासत बसले. दिवसभर शेजारणींना त्यांनी ही गंमत सांगितली. वर, तुझ्या मामांनी काय घराला इख फासलं होतं का, असंही सुनावलं.

हसा म्हटलं, लई हसा. गप बसणारी मी न्हाई. कुंकवाचं बोट कधी लागलं नाही अशी जागा मी शोधली, ती मागच्या खोलीतली खिडकी. तिच्या फळीवर नातीला बसवून आत्याबाई भरवायच्या. बाहेरची शेळी दाखवायची आणि घास तोंडात सारायचा. दोन घासांच्या मधे पोरगी फळीची कड चावायची, रंगावर तिचे दात उठले होते. मी ती कड ओल्या फडक्यानं पुसली, वाळू दिली आणि काडी घासली. लाल. मग पुढची चौकट धुऊन पुन्हा घासली, तीही लाल. खात्रीला रंगाच्या खपल्या पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. तिथूनही तेच आलं.

आत्याबाई त्या फळीकडं बघत राहिल्या.

“मीच बसवत होते की गं तिला हितं.”

माझा राग पार जिभेवर आलता. त्यांचं तोंड बघून गिळला, पण खरं सांगते, लई जड गेला.

नवरा पॉलिश पेपर घेऊन खिडकी घासायला निघाला. मी तो हातातून काढून घेतला, कारण धूळ उडाली तर तीच पोरीच्या पोटात जाणार. तिला शेजारणीकडं ठेवलं, रंग ओला करून अख्खी खिडकी उखडली आणि लोखंडी बसवली, बाकीच्या दारं-खिडक्याही तशाच बदलल्या. पुढच्या दारावर मात्र आत्याबाई अडल्या. पोरगी ते चावत नाही, माझ्या माणसाची तेवढी तरी खूण राहू दे, म्हणाल्या. मी रोज भांडायची. त्या हटल्या नाहीत.

काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, शिसं कमी झालंय. मला रडूच आलं. आत्याबाईंनी नातीचा टोचलेला हात आपल्या मुठीत धरला होता.

“कमी झालं म्हंजे अजून हाय,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी हो म्हणून मान हलवली. केजच्या स्टँडवर उतरल्यावर आत्याबाई पोरीला माझ्याकडं देऊन म्हणाल्या, “तू घरी हो पुढं. मी सुताराकडून येते. पुढचं दार आजच काढायचं.”